मम्मीसाठीचा आवाज

कस्तुरीला माहेरून जालन्याला येऊन आठवडाही झाला नव्हता, तेवढ्यात एका सकाळी दिवा पिवळा झाला. तिच्या सासूबाईंनी, द्वारकाबाईंनी, तो आधी पाहिला. हातात पोह्यांचा झारा घेऊनच त्या झोळीपाशी आल्या, दोरीवर वाळत घातलेलं रेवाचं टोपडं ओढलं आणि दिव्याच्या डोक्यावर चढवलं.

"आई, झाकून काय होणार?" कस्तुरी म्हणाली. "त्याला डोळे नाहीत, कान आहेत."

"त्याला नसतील. समोरच्या बिल्डिंगीला हायत नं." त्यांनी खिडकीचा पडदाही ओढला. "अन् तू बस जरा. सकाळपासून नुसती फिरायलीस. पायाला चाकं लावलेत का?"

कस्तुरी बसली आणि लगेच उठली. बाटली उकळायची राहिली असं तिला वाटलं. बाटली उकळलेली होती. तिनं ती पुन्हा पाण्यात टाकली, गॅस लावला, आणि मग झोळीत डोकावली. रेवा जागी होती. मूठ तोंडाशी आणून स्वतःच्याच अंगठ्याकडे असं बघत होती, की जणू कोणी पाहुणा आलाय.

सुपारीपेक्षा थोडं मोठं असलेलं ते यंत्र झोळीच्या दोरीला बांधायचं असे. सरकारी कागदावर त्याचं नाव ‘चाहूल’ होतं, पण सगळे त्याला दिवाच म्हणत. बाळंतपणानंतर दवाखान्यातून निघताना बाळाच्या लसीच्या टिकल्या मिळत (आता सुया गेल्या होत्या, मांडीला टिकली चिकटवली की लस आपोआप अंगात उतरे), त्यांच्याबरोबरच दिवाही मिळे. नको म्हणायची सोय होती. पण नको म्हणणाऱ्या घराकडे लोक ज्या नजरेनं बघत, त्यापेक्षा दिवा परवडला.

त्यामागचं संशोधन मात्र कच्चं नव्हतं. माणूस तान्ह्या बाळाशी बोलतो तेव्हा नकळत आवाज चढवतो, शब्द ताणतो, मध्येच थांबून बाळाच्या हुंकाराची वाट बघतो. ही चाल कुठल्याही भाषेत सारखीच सापडते. बाळंतिणीच्या मनाचा आजार सुरू होताना सगळ्यात आधी तीच विरते. चढउतार सपाट होतो, थांबे लांबतात, बाळानं हुंकार दिला की उत्तर यायला अर्धा श्वास जास्त लागतो. बाईला स्वतःला काही जाणवायच्या कितीतरी आठवडे आधी हे आवाजात उतरलेलं असतं. हजारो आयांचे आवाज ऐकवून यंत्राला हे ओळखायला शिकवलं होतं. खासगीपणाच्या कायद्यामुळे त्याला शब्द ऐकायची मनाई होती. शब्द वाटेतच गाळले जात आणि नुसती चाल उरे, भिंतीपलीकडच्या खोलीतलं बोलणं ऐकू यावं तशी. आणि प्रत्येकीचा आवाज वेगळा, म्हणून पहिल्या सव्वा महिन्यात यंत्र त्या बाईची स्वतःची चाल शिकून घेई. पुढे तिला तिच्याच मोजपट्टीनं मोजे.

पहिला सव्वा महिना म्हणजे अर्थातच माहेर. कस्तुरीची मोजपट्टी शिराळ्याला तयार झाली होती, मम्मीच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाय पसरून, डिंकाचा लाडू खात, रेवाला मांडीवर घेऊन. तिथे दिवा कायम हिरवा होता.

दिवा पिवळा झाला की घरी सोबतीण यायची. तांबडा झाला की डॉक्टर, आणि डॉक्टरांचा निर्णय होईपर्यंत बाळ घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात. नियम चांगल्या मनानं केलेला होता. पण मागच्या इमारतीतल्या शीतलचा दिवा तांबडा झाला, तेव्हा सासरच्यांनी बाळ गावाकडे नेलं ते परत आणलंच नाही. नवऱ्यानं दिव्याची नोंद कोर्टात दाखवली. शीतल बरी होऊन नोकरीला लागली होती, पण पोराला रविवारी भेटायची. बसस्टॉपवर खेळण्याची पिशवी घेऊन उभी असलेली ती अख्ख्या कॉलनीनं पाहिली होती. त्यानंतरच कॉलनीतल्या दिव्यांना टोपडी चढायला लागली.

"पिवळाच हाय," द्वारकाबाई पोहे वाढताना म्हणाल्या. "पिवळ्याला काय होत न्हाई. पण पुढं न्हाई जाऊ द्यायचा."

कस्तुरीचा नवरा सुदर्शन रोलिंग मिलमधून रात्रपाळी करून आला होता. डोळे लाल, हात धुतले तरी लोखंडाचा वास. त्यानं टोपडं उचलून खाली बघितलं आणि परत ठेवलं.

"बरं वाटत नाहीये का तुला?"

"बरंय की. नुसती झोप होत नाही."

हे तिला खरंच वाटत होतं. यंत्र तिच्या पुढे होतं.

*

सोबतीण म्हणून नसरीनताई पठाण स्कूटरवरून आल्या त्या हेल्मेट काखेत धरून, आणि आल्या आल्या म्हणाल्या, "काय वास सुटलाय काकू! मेथी का?"

"मेथी. बसा. जेवणार का?"

"नको म्हणायला शिकवलंय आम्हाला ट्रेनिंगमध्ये. पण थोडी चालेल."

मग झोळीशेजारी मांडी घालून त्यांनी कस्तुरीकडे पाहिलं. "कशी आहेस असं मी विचारणार नाही हां. बाईला कशी आहेस विचारलं की ती बरी आहे म्हणते, आणि दोघींचा वेळ जातो. एवढंच सांग, आज केस कोणी विंचरले?"

कस्तुरीचा हात डोक्याकडे गेला. गुंता होता.

"कालपण नाही विंचरले," ती म्हणाली, आणि तिला एकदम हसू आलं.

"माझे पण बघ की. हेल्मेटाच्या जिवावर चाललंय सगळं."

सोबतिणींचंही संशोधन झालं होतं, दिव्याच्या आधी. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट शिकवलेल्या त्याच गावच्या बायका आठवड्यातून दोनदा येऊन बसल्या, तर सौम्य आजारात जवळजवळ औषधाइतका गुण येतो असं दिसलं होतं. त्या सल्ला देत नसत. दिवसातली एखादीच गोष्ट ठरवत आणि पुढच्या वेळी तिची विचारपूस करत. उद्या एक कप चहा, बसून, गरम असतानाच. परवा शाळेतल्या एका मैत्रिणीला फोन. कस्तुरी शाळेत गणित शिकवायची, सध्या सुट्टीवर होती. नसरीनताईंना एकोणिसाचा पाढा येत नव्हता, तो त्यांनी तिच्याकडून शिकायला घेतला. घरातल्यांनाही बोलवायचं अशी त्यांची रीत होती. "काकू, तुम्ही पण बसा. हे एकटीचं काम नाही."

"माह्या पोळ्या राहिल्यात," द्वारकाबाई आतून म्हणायच्या.

एकदा नसरीनताईंनी विचारलं, "कोवळं ऊन असतं तेव्हा रेवाला घेऊन गॅलरीत उभी राहतेस का?"

"ऊन फार असतं," कस्तुरी म्हणाली.

सकाळी सातला ऊन फार नसतं. घर तिसऱ्या मजल्यावर होतं. रेवाला घेऊन गॅलरीच्या उंबऱ्याशी आलं, की कस्तुरीला काहीतरी दिसायचं. आपलेच हात सैल पडलेत. दुपटं खाली चाललंय, हळूहळू, कपडा पडतो तसं. मग ती मागे फिरायची, रेवाला छातीशी इतकी घट्ट धरायची की पोर कुरकुरायची, आणि स्वयंपाकघरात जाऊन बाटल्या उकळायची. हे कुणाला सांगायचं म्हणजे कुठल्या शब्दांत? ज्या आईला असं दिसतं, ती कोण असते?

नसरीनताईंनी तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. "बरं. उन्हाचं पुढच्या वेळी बोलू."

पुढच्या वेळी सांगायचं, असं कस्तुरीनं मनाशी ठरवलं. भाजी निवडताना, नजर खाली असताना. तसं सांगता आलं असतं.

*

रेवाला पाजताना मम्मीचा फोन आला, म्हणून कस्तुरी त्या संध्याकाळी झोळीजवळच बसून बोलली. एरवी ती फोन घेऊन आतल्या खोलीत जायची.

"काय करतीया माझी बाय?"

"मम्मी! अगं सगळं छान आहे! रेवा काय हसते माहितीये का, खुळखुळा दिसला की पायच झाडते! आईंनी आज मेथी केलेली. हो गं, जेवते. हो, दूध पिते!"

थोड्या वेळानं द्वारकाबाईंनी सवयीनं टोपडं उचललं. पिवळ्याच्या कडेला हिरवी झाक आली होती.

"सुदर्शन, इकडं ये. बघ. विहीणबाईंचा फोन झाला की दिवा सुधरायला."

"म्हणजे माहेरची आठवण येते तिला," सुदर्शन म्हणाला. त्याला जरा वाईटही वाटलं. "रोज बोलू दे की मग."

त्या दिवसापासून द्वारकाबाईंनी नेम धरला. तुळशीपाशी दिवा लावून झाला की त्या स्वतःच शिराळ्याला फोन लावायच्या, स्पीकर चालू करून झोळीजवळ ठेवायच्या आणि म्हणायच्या, "बोला गं मायलेकी." फसवायचं कुणाच्याच मनात नव्हतं. तापात पट्ट्या ठेवाव्यात तसं ते त्या घराला औषधच वाटत होतं. दिवसभरात कस्तुरी तशी कमीच बोले. सासूसमोर, पाहुण्यांसमोर, झोपलेल्या नवऱ्याच्या दाराबाहेर सगळं हळू. यंत्राच्या कानावर तिचं जे काही पडे, त्यात संध्याकाळचा तो फोन सगळ्यात मोठा आणि सगळ्यात गोड होता. शब्द गाळले, की त्याची चालही बाळाशी बोलावं तशीच चढती आणि ताणलेली.

दिवा हिरवा झाला. द्वारकाबाईंनी टोपडं काढलं आणि पडदा उघडा ठेवला.

नसरीनताई शेवटच्या आल्या तेव्हा हेल्मेट त्यांनी खाली ठेवलंच नाही. "सिस्टिमनं मला दुसरीकडं लावलं गं. चंदनझिऱ्याला एक पोरगी आहे, जुळी झालीत, घरात कोणी नाही." त्या दारातच थांबल्या. मग शिकवलेलं मोडून त्यांनी विचारलं, "खरंच बरं वाटतंय ना?"

आतून द्वारकाबाई पाहत होत्या. समोरच्या खिडकीत कुणीतरी होतं.

"हो! छान आहे एकदम," कस्तुरी म्हणाली. तो आवाज तिच्या तोंडून आपोआप बाहेर आला, नळ सोडावा तसा.

*

त्यानंतर तिला एका जागी ठरेनासं झालं. दाराची कडी लावली का ते बघायला ती पुन्हा पुन्हा उठे. कुकरची शिट्टी झाली की दचके. रेवा झोपली की हिचा डोळा टक्क उघडा, आणि रेवा उठली की ही पेंगलेली. एकदा भाजी चिरता चिरता तिला पुन्हा काहीतरी दिसलं, तशी तिनं सुरी धुतली, पुसली आणि लपवली.

"सुरी तांदळाच्या डब्यात कुणी घातली?" द्वारकाबाईंनी दुपारी विचारलं. "डोकं ठिकाणावर हाय का या घरात कुणाचं?"

रविवारी सुदर्शन घरी होता. वारा सुटला होता, गॅलरीत लंगोट फडफडत होते.

"कस्तुरी, उडतील ते. आण आत. रेवालाही घेऊन जा, तिला वारा आवडतो."

कस्तुरीनं रेवाला उचललं, दोन पावलं गेली, आणि वळून तिला द्वारकाबाईंच्या मांडीवर ठेवलं. मग एकटीच जाऊन लंगोट घेऊन आली. सुदर्शन बघत होता.

"कालपण हेच केलंस. सारखी आईकडं देतेस तिला."

"आईंनाही सवय हवी ना."

"आईला चार भाचवंडांची सवय आहे." त्यानं आवाज खाली आणला. "तुला ती नकोशी झालीय का?"

"असं काय बोलता!"

"मग कसं बोलू? दिवा तर हिरवा आहे. मग तुला झालंय तरी काय?"

त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. आणि त्याच्यापाशी एक उत्तर आधीच होतं, झोळीच्या दोरीला बांधलेलं, हिरवंगार. त्याच्यासमोर हिनं आपलं उत्तर कुठून आणायचं? ती लंगोटांच्या घड्या घालत राहिली. घातलेल्या उलगडून पुन्हा घातल्या.

दुपारी सगळे झोपल्यावर तिनं बाथरूममध्ये जाऊन मदतवाहिनीला फोन लावला. नळ चालू ठेवला.

"नमस्कार. तुमच्या दिव्याचा रंग हिरवा असल्यास एक दाबा, पिवळा असल्यास दोन."

तिनं थोडा वेळ थांबून एक दाबला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"अभिनंदन! तुम्ही आणि तुमचं बाळ सुखरूप आहात. बाळाच्या आहाराबद्दल माहितीसाठी..."

तिनं फोन ठेवला आणि नळ बंद केला.

मग एक दिवस तिनं ठरवून दिवा पिवळा करायचा प्रयत्न केला. झोळीशी बसून मुद्दाम सपाट, जड आवाजात बोलली. "रेवा. दूध. पी." रेवाला हा नवाच खेळ वाटला. ती खिदळली, इतकी मनापासून, की कस्तुरीचा आवाज तिच्या हातात राहिला नाही. तो चढलाच. "अगं ठमे! हसतेस काय!" त्या क्षणी ती खरंच सुखात होती. हेच तर कुणाला पटलं नसतं. पोरीवर जीव होता आणि पोरीला घेऊन उंबरा ओलांडवत नव्हता, दोन्ही एकाच वेळी.

*

बुधवारी द्वारकाबाईंनी बॅग काढली.

"अंबडला जायचंय, भावाच्या पोरीचं लगीन. उद्या सकाळी निघते, दोन रात्री ऱ्हाईन. सुदर्शनची रात्रपाळी हाय, पण तू हाईस की." त्या पातळांच्या घड्या बॅगेत बसवत होत्या. "दिवा हिरवा हाय म्हणून जायलेय. पिवळा असता तर पाय न्हाई ठेवला असता बाहेर."

कस्तुरीच्या कानात काहीतरी वाजायला लागलं. दोन रात्री. ती, रेवा, आणि पलीकडे गॅलरी. दाराला कुलूप लावून किल्ली सुदर्शनकडे द्यावी? तो कारण विचारेल. शेजारणीकडे जाऊन बसावं? रात्री? सांगून टाकावं? सांगितलं की तांबडा, आणि तांबड्यानंतर काय, ते बसस्टॉपवर उभं होतं, खेळण्याची पिशवी घेऊन. ती झोळीभोवती फिरत राहिली. पीठ मळलं, ते सैल झालं. त्यात पीठ घातलं, ते घट्ट झालं. द्वारकाबाई म्हणाल्या, "आज कणकेशी भांडण हाय वाटतं."

संध्याकाळी नेमानं फोन लागला. शिराळ्याला रिंग जात होती. कस्तुरी रेवाला मांडीवर घेऊन बसली होती. रिंग जात असताना तिनं घसा खाकरला.

आणि तिला ते ऐकू आलं.

असंच मम्मी करायची. कस्तुरी लहान होती तेव्हा, आज्जीला फोन लावायच्या आधी. पदरानं तोंड पुसायची, घसा खाकरायची, आणि मग तो आवाज लावायची. "आये! सगळं बेस हाय इकडं!" त्या दिवशी घरात काहीही झालेलं असो. द्वारकाबाईही भावाला फोन लावताना खाकरायच्या. सासरहून माहेरी बोलायचा हा एक वेगळाच आवाज होता. बायका तो लेकींना न शिकवता शिकवत, आणि ऐकणारीला तो खोटा आहे हे कळत असे, कारण तिनं तोच वापरलेला असे. जिला सगळ्यात जास्त काळजी, तिच्यासाठी सगळ्यात चांगला आवाज. ज्यांनी यंत्र बनवलं त्यांच्यातही लेकीसुना असतील. त्यांच्या लक्षात आलं नसेल. कुणाच्या येतं?

"काय करतीया माझी बाय?" पलीकडून मम्मी.

कस्तुरीनं तोंड उघडलं. तो आवाज तयारच होता, जिभेवर. तिनं तो गिळला. दुसरा सापडायला वेळ लागला.

"कस्तू? आवाज येतोय न्हवं?"

"मम्मी, मी बरी नाहीये."

झोळीची दोरी कुरकुरायची थांबली. सवयीनं रिकामी झोळी हलवणाऱ्या द्वारकाबाईंनी झोका धरला होता.

"ताप आलाय?"

"नाही. मला भीती वाटते. रेवाला घेऊन गॅलरीत गेले की मला दिसतं, माझे हात सुटलेत. मीच सोडलंय तिला. मला सोडायचं नाहीये मम्मी, देवाशप्पथ. पण दिसतं. म्हणून मी तिकडं जात नाही. सुरी हातात असली तरी दिसतं, म्हणून मीच ती तांदळाच्या डब्यात ठेवली. मला झोप येत नाही. मी रोज तुला छान आहे म्हणते ना, ते नाहीये. उद्या आई अंबडला चालल्यात आणि मी हिच्याजवळ एकटी राहू शकत नाही."

तिचा आवाज सपाट होता, मध्येच तुटत होता, पुढचं वाक्य यायला फार वेळ लागत होता. असा आवाज त्या घरात तिनं कधी काढला नव्हता. दिव्याची मोजणी मात्र कित्येक दिवसांच्या सरासरीवर चाले. तो हिरवाच होता.

मग मम्मी बोलली. घसा न खाकरता, खालच्या, खरबरीत आवाजात. तो आवाज कस्तुरीनं फक्त भिंतीपलीकडून ऐकला होता, लहानपणी. "विहीणबाई हायत का तितं?"

"हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "ऐकायले."

त्या उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. आधी त्यांनी दिव्याकडे बघितलं, मग कस्तुरीकडे, मग परत दिव्याकडे.

"मेला हिरवाच हाय हा," त्या म्हणाल्या.

आणि दोन्ही हात पुढे करून त्या कस्तुरीकडे आल्या. कस्तुरीला वाटलं, झालं. नेणार. तिनं रेवाला जवळ ओढलं, आणि ओढलं तशी आपणच घाबरून पकड सैल केली. द्वारकाबाई तिच्यासमोर खाली बसल्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. त्यांचे हात रेवाकडे गेले नाहीत. ते कस्तुरीच्या हातांखाली गेले.

"धर," त्या म्हणाल्या. "तू धर लेकराला. मी खालून धरलंय."

कस्तुरीनं रेवाखालची बोटं पुन्हा घट्ट केली.

"आता दिसतंय का?"

तिनं डोळे मिटले. "दिसतंय."

"दिसू दे. खाली माझे हात हायत."

पोळपाटावरून लाटणं घरंगळून जमिनीवर पडलं, कुणी उचललं नाही.

"तुम्ही तिला गावी नेणार नाही ना?" कस्तुरीनं विचारलं. "शीतलच्या बाळासारखं?"

"मला गुडघ्यानं तीन जिने धड उतरवत न्हाईत, मी कुठं नेऊ? वेडी का काय तू?" द्वारकाबाईंचा आवाज मध्येच बसला. "मला वाटलं, फोन झाला की तुला बरं वाटायलंय. मी आपली रोज लावायले. माय माय... कामून न्हाई बोललीस?"

"दिवा हिरवा होता."

"आग लागो दिव्याला."

"आणि अंबडचं लग्न?"

"लगीन लागंल माझ्याबिगर. उद्या डॉक्टरकडं जायचं, तू अन् मी. हिरवा हाय म्हणले तर म्हणू दे, मी सांगते माह्या कानानं काय ऐकलं ते. तांबडा लिवायचा तर लिवा म्हणावं, लेकरू माह्या नावानं लिवा, अन् माय-लेकरू दोघी माह्यापाशी. अन् त्या नसरीनला फोन लाव. पोळ्या ऱ्हाऊ दे, या बारीला मी पण बसते."

"विहीणबाई," फोनमधून मम्मी म्हणाली. ती रडत होती की चप्पल शोधत होती ते कळत नव्हतं. "मी निघते."

"आता कुठली गाडी मिळायची शिराळ्याहून? सकाळची धरा."

"मिळंल ती धरते. कस्तू, फोन ठेवू नको. बोलत ऱ्हा. कसं बी बोल."

कस्तुरी बोलत राहिली. आधी तुटक, मग सलग. कुठल्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, बाटल्या किती वेळा उकळल्या, बाथरूममधल्या फोनवर कसं अभिनंदन झालं. त्यावर द्वारकाबाई नको तिथे हसल्या, मग त्यांनी खांद्यालाच डोळे पुसले, कारण हात गुंतलेले होते. मांडीवर रेवा आईच्या तोंडाकडे बघत होती. हा आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. तिनं भुवया जवळ आणल्या, नीट ऐकून घेतलं, आणि एकाएकी अगदी निश्चल झाली.

पुढच्या क्षणी चारी हातांवरून ऊन ऊन धार वाहिली.

"अव माय!" द्वारकाबाई ओरडल्या.

"काय झालं? काय झालं गं?" शिराळ्याहून मम्मी घाबरून विचारत होती. "कस्तू? विहीणबाई? आवं, काय झालं?"

"काय न्हाई विहीणबाई. नातीनं आंघोळ घातली."

धार मनगटांवरून कोपरांपर्यंत गेली, तिथून दोघींच्या साड्यांवर ठिबकली. फडकं हाताच्या अंतरावर, झोळीतच होतं. ते घ्यायला कुणीतरी एक हात सोडायला हवा होता. कस्तुरीनं द्वारकाबाईंकडे पाहिलं, द्वारकाबाईंनी तिच्याकडे. कुणीच सोडला नाही.